ईलच्या अंगावर परत परत पांढरे डाग, खाणं बंद, दिवसा उघड्यावर पडून राहते: औषधाआधी काय काय तपासायचं

पीकॉक ईल, फायर ईल, टायर ट्रॅक ईल किंवा कुणी नदीतून आणून दिलेली आपली वाम, यातलं काहीही पाळलं असेल आणि दर दोन-तीन महिन्यांनी तोच त्रास उलटून येत असेल, म्हणजे अंगावर पांढुरका डाग, खाणं बंद, एरवी वाळूतून फक्त तोंड बाहेर काढून बसणारी ईल भरदुपारी उघड्यावर आडवी, तर हे पूर्ण वाचा आणि तोपर्यंत निळ्या-पिवळ्या औषधाची बाटली उघडू नका. औषधाने चार दिवस बरं वाटतं, डाग भरत येतो, आपण निवांत होतो आणि महिन्याने परत तिथेच. परत परत होतंय म्हणजे त्रास देणारी गोष्ट अजून टँकमध्येच आहे, ती शोधल्याशिवाय हे थांबत नाही. आमच्या नाशिकमध्ये ती गोष्ट बहुतेक वेळा वाळू, हीटर, पाणी आणि खाणं या चारपैकीच एक निघते.

आधी मासा नीट ओळखा. दुकानात ईल म्हणतात पण ही खरी ईल नाही, हे कूळच वेगळं आहे, मास्टासेम्बेलिडी. पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते, एरवी ती मिटलेली असते पण हातात दाबलीत की टोचते. गोदावरीत मिळणारी वाम म्हणजे मास्टासेम्बेलस अर्मॅटस, टायर ट्रॅक ईल म्हणून जी पिल्लं विकतात ती याच किंवा याच्या अगदी जवळच्या जातीची असतात. ही ९० सेंमीपर्यंत वाढू शकते, फायर ईल तर मीटरभर, पीकॉक ईल साधारण ३० सेंमी. पाच इंची पिल्लू बघून दोन फुटी टँक घेतला असेल तर पीकॉकचं एक वेळ काही काळ निभेल, बाकीच्यांचं नाही, आणि मग तुम्ही कितीही काळजी घ्या, जागेच्या त्रासाने ती आजारी पडतच राहणार.

दुसरं, हिच्या अंगावरचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की हाताला जाणवतच नाहीत. खरं संरक्षण त्या बुळबुळीत थराचं. तो थर कुठे खरचटला की तिथे बॅक्टेरिया आणि बुरशी बसते आणि आपल्याला जो पांढरा डाग दिसतो तो हा, म्हणजे डाग ही नंतरची गोष्ट आहे, आधी तिथे खरचटलेलं असतं.

आता नॉर्मल काय ते सांगतो, कारण निम्मे लोक उगाच घाबरतात. नवीन आणलेली ईल आठवडाभर काही खात नाही, दिवस दिवस वाळूत गडप असते, पाइपात उलटीसुलटी पडते, झाडांच्या फांद्यांत अडकल्यासारखी लटकून झोपते, यातलं काहीही आजाराचं लक्षण नाही. काळजी कधी करायची, तर लाइट चालू असताना उघड्यावर पडलीये आणि वाळूत शिरायचा प्रयत्नच करत नाहीये, कल्ल्यांची हालचाल तिच्या रोजच्यापेक्षा जोरात चाललीये, डोक्यामागचा भाग खपाटीला गेलाय, डोळे धुरकट झालेत किंवा सारखी वर येऊन हवा घेतीये. गरज पडली तर या माशांना वरची हवा घेता येते, त्यामुळे एखाद वेळी वर गेली तर काही नाही, पण पुन्हा पुन्हा जात असेल तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय, एअर पंप लगेच वाढवा. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर हे हमखास होतं, बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असूच द्या.

डाग कुठे आहे याकडे बारकाईने बघा, टॉर्च तिरका धरून, फोटो काढून झूम करून. पोटावर आणि हनुवटीखाली असेल तर वाळू. एकाच कुशीवर आडवा किंवा तिरका पट्टा आणि तोही थंडीत, तर हीटर. पूर्ण अंगावर दुधाळ पापुद्रा आणि श्वास जोरात, तर पाणी. मिठाचे कण टाकल्यासारखे ठिपके म्हणजे इक, माशाच्या अंगावर बसणाऱ्या बारीक परजीवीचा रोग. नाकाचा शेंडा लाल झाला असेल तर ती रात्रभर काचेला आणि झाकणाला घासून बाहेर पडायची वाट शोधतीये, म्हणजे टँकमध्ये लपायला जागा नाही किंवा पाणी तिला सोसत नाहीये. गोल गोल फिकट चकत्या असतील आणि टँकमध्ये मोठा सकर (काच चाटत फिरणारा मासा) असेल तर त्याच्यावर संशय घ्या, हे सकर रात्री संथ पडलेल्या माशाच्या अंगावरची बुळबुळ ओरबाडतात, त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवा म्हणजे आठवड्याभरात खरं-खोटं कळेल.

वाळूचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त वेळा घोळ इथेच असतो. आमचा आतेभाऊ सिडकोत राहतो, त्याच्याकडे पीकॉक ईल आहे, त्याचा दर थोड्या दिवसांनी फोन, "दादा, परत आलं बघ ते हनुवटीखाली." निळं औषध घालून झालं होतं, मीठ घालून झालं होतं, पाणी बदलून झालं होतं. घरी जाऊन बघितलं तर टँक एकदम सुंदर, तळाला काळीभोर वाळू, पाणी काचेसारखं स्वच्छ. वाळू कुठली म्हटलं तर बाजूच्या बांधकामावरची, दहा वेळा धुऊन घेतलेली. मूठभर ओली वाळू काढली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हलकीशी घासली तर लगेच बारीक लाल ओरखडे उठले. ती क्रश सँड होती. आता बांधकामावर सगळीकडे तीच असते, बेसाल्ट फोडून केलेली, प्रत्येक कणाला धार. नदीच्या वाळूचे कण पाण्याने लोळून लोळून गोल झालेले असतात, हिचे होत नाहीत आणि कितीही धुतली तरी धार जात नाही. ईल दिवसातून कितीतरी वेळा तोंड आधी खुपसून त्यात शिरते, म्हणजे रोज हनुवटी आणि पोट सँडपेपरवर घासल्यासारखंच.

आम्ही वाळू बदलली पण एकदम नाही, आधी अर्धी, मग दोनेक आठवड्यांनी उरलेली, कारण अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाळूतही असतात, सगळी एकदम काढली तर पाणी बिघडून दुसरंच दुखणं सुरू होईल. एक थेंब औषध न घालता डाग भरला आणि नंतर आला नाही.

वाळू घ्यायची तर स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका सँड बघा किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातली बारीक गोल कणांची, पण विकत घेण्याआधी ही मनगटाची टेस्ट तिथेच करा, दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका. कण जाड रव्याएवढा पुरे. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर त्यात चुन्याचा अंश आहे, पाणी जड करत राहील, नको. रंगीत खडी आणि मार्बल चिप्स तर या माशाच्या टँकमध्ये नकोतच. जाडी छोट्या ईलला ५ सेंमी, मोठीला ७-८.

वाळू चांगली असूनही त्रास होत असेल तर काचेच्या बाजूने तळ बघा, कुठे काळा थर दिसतोय का. वाळू फार दिवस हलली नाही की आत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, काडी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. ईल नेमकी तिथे शिरली तर तिला त्याचा त्रास होतो आणि मग ती वाळूत जायचंच टाळते, उघड्यावर पडून राहते, आपल्याला वाटतं आजारी आहे. असा थर सापडला तर ईल बाजूला काढून सायफनने तेवढा भाग शोषून घ्या, मासा आत असताना ढवळू नका. एरवी आठवड्यातून एकदा पाणी बदलताना वाळूत बोटं हलकी फिरवली तरी पुरतं.

हीटर. नाशिकची थंडी सगळ्यांना माहितीये, डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडकडे त्याहून खाली. या माशांना २४ ते २८ डिग्री लागतं म्हणून आपण हीटर लावतो, ते बरोबरच, पण ईलची सवय अशी की गरम जागा सापडली की तिथेच चिकटून झोपायचं, हीटरच्या नळीला वेढा घालून पडते आणि भाजते तरी हलत नाही. सकाळी कुशीवर फिकट पट्टा दिसतो, दोन दिवसांनी तो पांढरा पडतो आणि आपण फंगस समजून औषध घालतो. दरवर्षी थंडीतच डाग येत असेल तर दुसरीकडे बघूच नका. हीटरला प्लॅस्टिकची जाळी म्हणजे गार्ड बसवा, पण जाळीची भोकं ईलच्या डोक्यापेक्षा लहान आहेत ना बघा, छोट्या पीकॉक ईल जाळीच्या आत शिरून बसतात आणि ते आणखी वाईट. साधारण एका लिटरला एक वॉट या हिशोबाने घ्या, मोठा टँक असेल तर एकाऐवजी दोन छोटे लावा, म्हणजे एक चालूच अडकून राहिला तरी पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तरी टँक एकदम गार पडत नाही. आणि थर्मामीटर वेगळा ठेवा, हीटरच्या डायलवरच्या आकड्यावर विश्वास नको.

थंडीत अजून एक, सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट टँकमध्ये घालू नका, ते गारठलेलं असतं आणि अशा झटक्यानंतर इक येतो. उलट एप्रिल-मेमध्ये दुपारी त्याच टाकीचं पाणी कढत असतं. बादलीत काढून ठेवा, टँकच्या तापमानाला आलं की मगच घाला.

पाण्याचं नाशिकमध्ये ऋतूवर असतं. शहराला गंगापूर आणि मुकणे धरणातून येतं, नाशिकरोडकडे दारणेचं, आणि बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात. पावसाळ्यात गोदेला पूर येतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की घरातल्या नळालाही थोडा गढूळपणा जाणवतो आणि गढूळ पाण्याला क्लोरीन जास्त लागतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्याला वास येतो तो उगाच नाही. एरवी दोन थेंब अँटीक्लोरीनवर भागत असेल तर त्या दिवसांत भागेलच असं नाही. मी म्हणेन की पावसाळ्यात पाणी बादल्यांत काढून त्यात एअर स्टोन सोडून २४ तास ठेवा, क्लोरीन उडून जातं आणि गाळही खाली बसतो, वरचं वरचं घ्यायचं. पाणी बदलल्यानंतर तासाभरात ईल सैरभैर होत असेल, कल्ले जोरात चालत असतील तर क्लोरीन किंवा तापमान, तिसरं कारण शोधत बसू नका.

टेस्ट किट महाग वाटतं पण अमोनिया आणि नायट्राइटचं तेवढं तरी घ्याच. दोन्ही शून्य पाहिजेत, थोडं चालेल असं काही नसतं. नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, २० च्या आत असेल तर उत्तम. ही रात्री खाते, खाण्याचे तुकडे वाळूत ओढून नेते, उरलेलं तिथेच कुजतं, त्यामुळे वरून पाणी नितळ दिसलं तरी तळाशी बिघडलेलं असू शकतं, आणि ही मुक्कामाला तळाशीच असते. आजारी दिसली की पहिल्या दिवशी करायचं काम हेच, टेस्ट करा, २५ ते ३० टक्के पाणी बदला, लाइट बंद ठेवा, एअर वाढवा, दुसऱ्या दिवशी परत तेवढंच पाणी. निम्म्या केसेस इथेच सुधारतात.

आता खाणं, आणि हे कृपया मनावर घ्या. या मासळीचे हाल बहुतेक करून उपासमारीने होतात आणि ती उपासमार आजारासारखी दिसते. दाण्याचं खाणं बहुतेक ईल आयुष्यभर खात नाहीत. दिवसा टाकलेलं बाकीचे मासे संपवतात, हिची नजर अधू, ही वासावर शोधते, ती बाहेर येईपर्यंत तळ साफ. लाइट बंद करून अर्ध्या तासाने खायला द्या, लांब चिमट्याने किंवा काचेच्या नळीतून थेट तिच्या तोंडापुढे. फ्रोझन ब्लडवर्म वितळवून, सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे गांडूळ. नुसत्या कच्च्या कोळंबीवर महिनोन् महिने ठेवू नका, काही कोळंबीत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, आलटून पालटून द्या. जिवंत ट्युबिफेक्स घाणीच्या पाण्यातून येतात, मी देत नाही आणि देऊ नका असंच सांगेन.

गांडुळांत दोन सापळे आहेत आणि नाशिकमध्ये ते दोन्ही हाताशी आहेत. एक म्हणजे गांडूळखताच्या बेडमधली लालसर पट्टेवाली गांडुळं, आयसेनिया फेटिडा. दाबलं की त्यातून पिवळसर उग्र वासाचा द्रव निघतो, ईल एकदा तोंडात घेते, थुंकते आणि मग चांगलं गांडूळ दिलं तरी चार दिवस हात लावत नाही. लोकांना वाटतं भूक मेली. दुसरं जास्त गंभीर. आपल्याकडे सगळ्यांचं कुणी ना कुणी दिंडोरीला, पिंपळगावला, आडगावला द्राक्षबागेत असतं, मामा प्रेमाने डबाभर गांडुळं पाठवतो. बागेत डाऊनी रोगासाठी वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, त्यात मोरचूद, म्हणजे तांबं, ते जमिनीत साठून राहतं आणि गांडुळांच्या अंगातही उतरतं. तांबं माशांना फार वाईट आणि या बारीक खवल्याच्या माशांना तर जास्तच. मामाला वाईट वाटलं तरी चालेल पण बागेतली गांडुळं नकोत. घरच्या कुंडीतली, परसातली, जिथे फवारणी होत नाही तिथली घ्या, ओल्या कोऱ्या कागदात दोन दिवस ठेवा म्हणजे पोटातली माती निघून जाते, धुवा, ईलच्या तोंडाच्या मापाने कापा आणि द्या.

नीट खाऊनही अंग भरत नसेल, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी पडत असेल तर पोटात जंत असायची शक्यता मोठी, नदीतून पकडलेल्या वामेत तर फारच. त्याला अंदाजाने माणसांची गोळी कुटून घालू नका, माशांचं जाणणाऱ्या डॉक्टरला विचारून, वजन बघून डोस घ्या.

औषधाचं आता. इक असेल तर मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मलिन आणि कॉपरवाली औषधं बाटलीवरच्या पूर्ण डोसने या माशाला देऊ नका, सोसत नाहीत. आधी तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन डिग्री असं करत ३० पर्यंत न्या, एअर वाढवून, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. इकचं पोहणारं पिल्लू साधारण ४८ तासांत मासा मिळाला नाही तर मरतं आणि औषध असो की उष्णता, घाव घालायचा तो त्याच टप्प्यावर, अंगावर बसलेल्या ठिपक्याला काही होत नाही, म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडा-दहा दिवस तसंच चालू ठेवा, इथे घाई केली की परत येतो. उघड्या जखमेला खडे मीठ, लिटरला १ ग्रॅम, एकदम न टाकता दिवसभरात तीन वेळा विरघळवून. मिथिलीन ब्लू मेन टँकमध्ये नको, फिल्टरमधले बॅक्टेरिया मारतं, वेगळ्या टबात चालेल. हळद तर नकोच, ती पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसते आणि ईल श्वास घेते तो तिथेच.

टबात हलवायची असेल तर जाळी वापरू नका, पाठीचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना कातडी फाटते. तिच्या जाडीच्या दुप्पट व्यासाचा पीव्हीसी पाइप, फूटभर लांब, कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत केलेला, टँकमध्ये कायमचा ठेवा. दिवसा ती त्यातच असते. दोन्ही तोंडांवर तळवे ठेवा, आत ती हळूच वळताना हाताला जाणवते, घाबरून हात काढू नका, पाइप आडवाच ठेवून पाण्यासकट उचला आणि टबात सोडा. टबात वाळू नको पण पाइप पाहिजेच, नाहीतर ती ताणाने अजून बिघडते, आणि टबाला झाकण.

बरी झाल्यावर परत सोडताना टबात टँकचं पाणी थोडं थोडं घालून तासभर द्या, मग पाइपासकट संध्याकाळी लाइट बंद करून आत ठेवा. त्या रात्री ती सगळा टँक हुंगत फिरते आणि फिल्टरच्या पाइपासाठी झाकणात ठेवलेली खाच पहिली शोधून काढते, पेन्सिलएवढ्या फटीतूनही लहान ईल निघून जाते, म्हणून त्या खाचेत स्पंजचा तुकडा घट्ट बसवा आणि झाकणावर वजन ठेवूनच झोपा.